लाखोळीची डाळ आणि मेंदूचा अभ्यास

वाङ्मय मंडळाच्या अंकात मेंदूच्या अभ्यासावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण मेंदूचा अभ्यास सुरुवातीला तरी शब्दांचाच अभ्यास असतो. जेमतेम तेराशे-चौदाशे ग्रॅम वजनाचा हा अवयव, पण त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला स्वतंत्र नाव आहे. ही नावं ठेवणाऱ्यांनी डोळ्यांना जे दिसलं त्यावरून ती ठेवली. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्री घोडा. पॉन्स म्हणजे पूल. सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणजे काळा पदार्थ. अमिग्डला म्हणजे बदाम. अर्थ कळला की नाव आपोआप लक्षात राहतं. निदान मला तरी बेगम बाजारातल्या सुक्या मेव्याच्या दुकानांवरून जाताना बदामाचं पोतं दिसलं की अमिग्डला आठवतो.

बारावीपर्यंत मी आपल्याच कॉलेजात होते आणि मंडळाचीही सभासद होते. सध्या हैदराबादेत एमबीबीएस करते आहे आणि बेगम बाजारात मामाकडे राहते. निजाम अली खान यांची बेगम हमदा हिने व्यापाऱ्यांना ही जागा दिली, म्हणून बेगम बाजार, असं सांगतात. धान्य, डाळी, मसाले, सुका मेवा, भांडी असा सगळा ठोक बाजार आहे. अफझलगंजचं उस्मानिया रुग्णालय इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मामा एका डाळीच्या आडतीवर हिशेब लिहितो. या लेखात डाळ आणि मेंदू एकत्र कसे आले, त्याला थोडंफार हेही कारण आहे.

एक मेंदू, तीन पुस्तकं

मेडिकलला मेंदू एका वेळी पूर्ण शिकवत नाहीत. पहिल्या वर्षी त्याची रचना येते : कुठला भाग कुठे, कुठली वाट कुठून कुठे जाते. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्रात न्यूरोट्रान्समीटर येतात, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोचवणारी रसायनं. मेंदूचे आजार सर्वांत शेवटी, मेडिसिनच्या पुस्तकात येतात. आणि हे आजार कोणत्या लोकांना होतात, ते चौथ्याच, सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक आमच्याकडे सगळे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडतात.

परिणाम असा की पहिल्या वर्षाची वाट दुसऱ्या वर्षी पुसट होते, आणि आजार शिकायची वेळ येते तेव्हा ती वाट कुठे जात होती हेच आठवत नाही. यावर एक उपाय मला फार उपयोगी पडला : एकच आजार निवडायचा आणि त्याचं बोट धरून सगळी पुस्तकं फिरून यायची. आजार असा हवा की ज्यात रचना, रसायन आणि माणूस तिन्ही स्पष्ट दिसतील. मी निवडला न्यूरोलॅथिरिझम. खेसरीची डाळ दीर्घकाळ खाल्ल्याने पाय कायमचे आखडतात, तो हा आजार. खेसरीलाच आपल्याकडे लाख म्हणतात, आणि पूर्व विदर्भात लाखोळी.

मामीचा प्रश्न

मी मोठ्याने वाचत होते. मामी भंडारा जिल्ह्यातली. तिने शेंगा सोलता सोलता विचारलं, "काय गं, लाखोळीने पाय जातात म्हणतेस? आम्ही तर लहानपणी लाखोळीचे वडे खाल्ले, कोवळ्या पाल्याची भाजी खाल्ली. आमच्या घरी कोणाचे पाय गेले नाहीत. मग पुस्तकात खोटं लिहिलंय का?"

"खोटं नाही मामी," मी म्हटलं, "पण अर्धंच लिहिलंय."

मामा हिशेबाच्या वहीतून डोकं वर न काढता म्हणाला, "आधी डाळ ओळखायला शीक. सोललेली खेसरी तुरीसारखी दिसते. पण नीट बघ, दाणा पाचरीसारखा असतो, तिकोनी. तुरीचा असा नसतो."

भेसळ ओळखण्याची ही खूण आमच्या पाठ्यपुस्तकातही आहे. पण मामीच्या प्रश्नाचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या एका परिच्छेदात मिळत नाही. सगळ्यांनी खाल्ली, मग काहींचेच पाय का गेले? आणि गेले तर पायच का, हात का नाही, बुद्धी का नाही? हा एक प्रश्न सोडवायला तीन प्रश्न लागतात : कुठे, कशामुळे आणि कुणाला.

कुठे?

पाय हलवायचा हुकूम मेंदूच्या बाह्य थरात, मधल्या खाचेच्या पुढच्या वळीत तयार होतो. या वळीला प्रीसेंट्रल जायरस म्हणतात. तिच्यावर सगळ्या शरीराचा नकाशा असतो, पण उलटा. असं समजा की एक माणूस कंपाउंडच्या भिंतीवर बसला आहे आणि त्याचे पाय भिंतीच्या आतल्या अंगाला लोंबत आहेत. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला हात आणि तोंड. मेंदूच्या दोन अर्धगोलांमध्ये जी फट आहे, त्या आतल्या अंगाला पायाची जागा असते. म्हणूनच पुढची रक्तवाहिनी, म्हणजे अँटिरियर सेरेब्रल धमनी, बंद झाली तर पाय जास्त दुबळा होतो, आणि मधली, मिडल सेरेब्रल, बंद झाली तर तोंड आणि हात. हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

या वळीतल्या सर्वांत मोठ्या पेशींना बेट्झ पेशी म्हणतात. कीव्हमधल्या व्लादिमिर बेट्झ यांनी १८७४ मध्ये त्यांचं वर्णन केलं. खाली उतरणाऱ्या तंतूंपैकी जेमतेम तीन टक्के या पेशींचे असतात. बाकीचे तिथल्याच इतर पेशींचे आणि शेजारच्या भागांचे. हे तंतू एकत्र येऊन इंटर्नल कॅप्सूलच्या मागच्या भुजेतून खाली येतात, मध्यमेंदू आणि पॉन्स ओलांडतात आणि मेड्युलात पिरॅमिड नावाचे दोन उंचवटे तयार करतात. तिथे ८० ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात. डावा मेंदू उजवा पाय चालवतो तो याच चौकामुळे. पुढे मज्जारज्जूच्या बाजूच्या पट्ट्यातून हे तंतू उतरतात. हाताचे तंतू मानेजवळ संपतात. पायाचे तंतू थेट कमरेपर्यंत जातात.

ही दोन माणसांची साखळी आहे. मेंदूतली पेशी वरची, मज्जारज्जूतली खालची. खालची पेशी थेट स्नायूपर्यंत जाते. ती मेली की स्नायूकडे कोणताच निरोप येत नाही, तो सैल पडतो, वाळतो, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. पोलिओत हेच होतं. वरची पेशी मेली की उलट चित्र दिसतं. खालची जिवंत असते, पण तिला आवर घालणारं कोणी उरत नाही. स्नायू ताठ होतात, हातोडी मारताच पाय जोराने उडतो, घोटा थडथड उडत राहतो, तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो.

लॅथिरिझममध्ये नेमकं हे दुसरं चित्र असतं, आणि ते मुख्यतः पायांत. सुरुवात पोटरीत गोळे येण्याने आणि पाय जड वाटण्याने होते. मग रोगी चवड्यांवर चालू लागतो, पाय एकमेकांत कात्रीसारखे अडकतात. पाठ्यपुस्तकात या आजाराच्या पायऱ्या काठीवरून मोजतात : काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी रांगणारा. मृत्यूनंतरच्या तपासणीत मज्जारज्जूच्या कमरेच्या भागातले हेच उतरते तंतू झिजलेले आढळले आहेत. स्पर्श, वेदना, बोलणं, समज, स्मरणशक्ती हे सगळं शाबूत राहतं. म्हणजे आपल्या बाबतीत काय झालं आहे ते रोग्याला पूर्ण कळत असतं.

कशामुळे?

हैदराबादी दखनीत "नक्को" हा शब्द दर दुसऱ्या वाक्यात येतो. तो आपल्या मराठी "नको"चाच भाऊ. मेंदूलाही असा एक "नको" लागतो. मेंदूतले न्यूरोट्रान्समीटर पुष्कळ आहेत, पण रोजचा बहुतेक कारभार दोघांवर चालतो. ग्लुटामेट म्हणतो "चल", आणि गाबा म्हणतो "नको". गंमत अशी की गाबा ग्लुटामेटपासूनच तयार होतो. एक विकर, ज्याला बी-६ जीवनसत्त्व लागतं, "चल"चा "नको" करतं. म्हणून बी-६ची तीव्र कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात.

ग्लुटामेट पेशीच्या दारावर येतो तेव्हा त्याला वेगवेगळी कुलपं मिळतात. त्यातली दोन इथे महत्त्वाची : अ‍ॅम्पा आणि एनएमडीए. अ‍ॅम्पाचं दार आधी उघडतं आणि सोडियम आत येतो. एनएमडीएच्या दारात मॅग्नेशियमचा बोळा बसवलेला असतो. पेशी पुरेशी उत्तेजित झाली की तो बोळा सुटतो आणि कॅल्शियम आत येतं. थोडं कॅल्शियम शिकण्यासाठी, आठवण पक्की होण्यासाठी हवंच. पण ते येतच राहिलं तर पेशीतली विकरं पेशीलाच पचवू लागतात आणि मायटोकॉन्ड्रिया बंद पडतात. म्हणून काम झाल्याबरोबर शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी ग्लुटामेट उचलून नेतात. "चल" हा निरोप संपला नाही, तर त्याने पेशी मरते. अमेरिकन वैज्ञानिक जॉन ओल्नी यांनी १९६९ च्या सुमारास या प्रकाराला एक्सायटोटॉक्सिसिटी हे नाव दिलं.

आता डाळीकडे येऊ. १९६४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सरमा यांनी खेसरीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं केलं. कोंबडीच्या लहान पिल्लांना ते टोचलं की त्यांना झटके येत. त्याचं छोटं नाव ओडीएपी. राव पुढे आमच्याच शहरात, उस्मानिया विद्यापीठात, जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. ओडीएपीची ठेवण ग्लुटामेटसारखी आहे, म्हणून ते अ‍ॅम्पाच्या कुलपात बसतं आणि दार उघडतं. चोरचावीच म्हणा. १९७६ मध्ये ओल्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांत ओडीएपीने मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी मरतात हे दाखवलं. पुढच्या प्रयोगांत हेही दिसलं की ते मायटोकॉन्ड्रियाच्या पहिल्याच टप्प्यावर घाव घालतं, आणि तो घाव मेंदूच्या हालचालीच्या भागात आणि मज्जारज्जूच्या कमरेच्या भागात उमटतो. ज्या पेशींचे धागे सर्वांत लांब, त्यांचा ऊर्जेचा खर्चही सर्वांत मोठा.

उपचारांचं प्रकरणही इथेच उलगडतं. ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन देतात. ते गाबाच्या एका कुलपावर काम करतं, म्हणजे मज्जारज्जूत "नको" वाढवतं. पाय थोडे सैल होतात, पण मेलेली पेशी परत येत नाही. हेच तर्कशास्त्र वापरून एएलएस या आजारात रिलुझोल देतात, जे ग्लुटामेटचं सुटणं कमी करतं, आणि अल्झायमरमध्ये मेमँटिन, जे एनएमडीएच्या दारावर बसतं. औषधांच्या यादीतली तीन सुटी नावं अशी एका ओळीत येतात.

कुणाला?

इथे मामीचा प्रश्न पुन्हा येतो. खेसरी विषारी असेल तर सगळ्यांनाच का बाधली नाही?

ही डाळ घातक आहे हे जुन्या लोकांना माहीत नव्हतं असं नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्रिपुट नावाच्या या कडधान्याने माणूस लंगडा होतो असं नोंदलेलं आहे. इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८४४ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकीकत सांगितली आहे. तिथे लागोपाठ गव्हाचं पीक बुडालं, लोक तिवडा म्हणजे खेसरी खाऊन राहिले, आणि १८३३ मध्ये तिशीच्या आतल्या तरुणांचे कमरेखालचे अवयव लुळे पडू लागले. स्पेनमध्ये १८११-१२ च्या उपासमारीत माद्रिदच्या लोकांनी हेच पीठ खाल्लं. चित्रकार गोया याने आपल्या युद्धचित्रांच्या मालिकेत त्यावर एक चित्र कोरलं आहे. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातल्या व्हाप्नियार्का छळछावणीत ज्यू कैद्यांना जनावरांसाठी ठेवलेली खेसरी खायला घातली गेली आणि शेकडोंचे पाय गेले. कैद्यांमधलेच एक डॉक्टर, आर्थर केसलर, यांनी आजार ओळखला. आपल्याकडे रेवा भागात वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून खेसरी मिसळलेलं धान्य मिळे. विसाव्या शतकातले आपल्याकडचे मोठे अभ्यास तिथलेच आहेत.

या सगळ्या गोष्टी ओळीने मांडल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. दुष्काळ, युद्ध, छळछावणी, वेठबिगारी. डाळ तीच, पण आजार तिथेच पसरला जिथे दुसरं काही खायला नव्हतं. रोजच्या जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त खेसरी आणि तेही सलग दोन-तीन महिने, असं झालं की धोका सुरू होतो. बळी पडतात ते मुख्यतः कष्ट करणारे तरुण पुरुष. इथिओपियातल्या अभ्यासात असंही दिसलं की दुष्काळात खेसरीबरोबर इतर तृणधान्य मिळालं तर आजार कमी होतो. ओडीएपीबरोबर शरीरात बाकी काय जातं, यालाही महत्त्व आहे.

मग मामीच्या घराचं उत्तर सोपं आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाचं पीक उभं असतानाच ओल्या जमिनीत लाखोळी फेकतात. धान कापला की जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर ती वाढते, वेगळी नांगरट लागत नाही, खत लागत नाही. तिच्या घरी भात होता, तूर होती, भाजी होती. लाखोळी आठवड्यातून कधीतरी, वड्यात नाहीतर भाजीत येई. पाय जाण्याइतकी ती पोटात कधी गेलीच नाही. जेवणात इतर काही असणं हेच तिचं औषध होतं.

मी हे सांगितलं तेव्हा मामी म्हणाली, "म्हणजे डाळीने नाही, गरिबीने पाय गेले." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. परीक्षक ते मान्य करेल की नाही सांगता येत नाही, कारण रसायनाच्या बाजूने पाहिलं तर डाळीनेच पाय गेले. पण दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि दोन्ही माहीत असल्याशिवाय हा आजार कळला असं म्हणता येत नाही.

बंदी आणि हैदराबादचं उत्तर

१९६१ मध्ये खेसरीच्या विक्रीवर बंदी आली. काही राज्यांनी ती लागू केली, काहींनी नाही. महाराष्ट्रात ती दीर्घकाळ होती आणि २००८ मध्ये उठवली गेली. बंदीच्या दोन्ही बाजूंनी वाद झाले आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. बंदीच्या बाजूचे म्हणत, हा आजार बरा होत नाही, मग धोका घ्यायचाच कशाला? शिवाय तुरीच्या डाळीत आणि बेसनात ती मिसळली जाते, खाणाऱ्याला कळतही नाही. विरोधातले म्हणत, या डाळीत सुमारे २८ टक्के प्रथिनं आहेत, ती पावसाविना येते, मग कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातातलं पीक का काढून घ्यायचं? शिवाय विक्रीवर बंदी घातली तरी पेरणारा ती खातोच. फक्त त्याला तिचा भाव मिळत नाही.

यातून बाहेर पडण्याच्या दोन वाटा निघाल्या. पहिली वाट बियाण्याची. रतन, प्रतीक, महातिवडा अशा जाती तयार झाल्या. त्यांच्यात ओडीएपी ०.१ टक्क्यापेक्षा कमी असतं. दुसरी वाट स्वयंपाकघराची, आणि तिथे आपल्या शहराचा संबंध येतो. हैदराबादच्या तारनाका भागातली राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ मध्ये इथे आली. डाळीतलं विष काढण्याच्या साध्या पद्धतींवर या संस्थेत काम झालं. ओडीएपी पाण्यात विरघळतं, एवढ्या एका गुणावर ती पद्धत उभी आहे. भरपूर पाणी उकळायचं, त्यात डाळ दोन तास भिजवायची, ते पाणी सगळं फेकून द्यायचं, डाळ चांगल्या पाण्याने धुवायची आणि उन्हात वाळवायची. विष बरंचसं निघून जातं. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात, हा तोटा आहे.

ही पद्धत वाचायला सोपी आहे. पण खेसरीवर पोट भरायची वेळ दुष्काळात येते, आणि दुष्काळात भरपूर पाणी आणि भरपूर सरपण याच दोन गोष्टी नसतात. हा मुद्दा माझ्या उत्तरपत्रिकेत मी नक्की लिहिणार आहे.

परीक्षेसाठी

ज्यांना मेडिकलला जायचं आहे किंवा जे आधीच गेले आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. न्यूरोलॅथिरिझमवर पाच मार्कांची टीप आली तर तीन प्रश्नांच्या क्रमाने लिहा. कुठे : वरची चेतापेशी, पायाचे पिरॅमिडल तंतू, संवेदना शाबूत. कशामुळे : ओडीएपी, अ‍ॅम्पा, एक्सायटोटॉक्सिसिटी. कुणाला : खेसरीवर महिनोन्महिने जगणारा गरीब, मुख्यतः तरुण पुरुष. मग प्रतिबंध : वेगळं अन्न, भिजवून पाणी फेकणं, कमी विषाच्या जाती. शेवटी वेगळं निदान : बी-१२ची कमतरता, मणक्याचा क्षय, एचटीएलव्ही विषाणू, आणि आफ्रिकेतला कोंझो. कोंझो हा कडू कसावा नीट न भिजवता खाल्ल्याने होतो. त्याचीही गोष्ट भूक आणि घाई यांचीच आहे.

हेच तीन प्रश्न इतर आजारांनाही लावून बघा. पार्किन्सन : कुठे, तर सबस्टॅन्शिया नायग्रात, कशामुळे, तर डोपामिन बनवणाऱ्या पेशी गेल्यामुळे, कुणाला, तर बहुतेक वेळा साठीच्या पुढे. अल्झायमर : कुठे, तर आधी हिप्पोकॅम्पसच्या परिसरात आणि पुढे बाह्य थरात, कशामुळे, तर साचणाऱ्या प्रथिनांमुळे आणि त्यात अ‍ॅसिटिलकोलीनही घटतं, म्हणून डोनेपेझिल, कुणाला, तर वय वाढेल तसं जास्त. वेर्निकेचा आजार : कुठे, तर मॅमिलरी बॉडी आणि थॅलॅमसच्या आसपास, कशामुळे, तर बी-१ संपल्यामुळे, कुणाला, तर वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याला, पण सतत उलट्या होणाऱ्या गरोदर बाईलाही. तिसरा प्रश्न विचारला नाही तर ती बाई सुटून जाते, आणि एका इंजेक्शनने वाचणारा मेंदू हातचा जातो.

आणखी एक सूचना, खास आपल्या मंडळासाठी. निजामाच्या काळात उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचं शिक्षणही उर्दूतून दिलं जाई. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे घरी मराठी बोलणारी मुलंही तिथे शरीररचना उर्दूतून शिकली. आपण इंग्रजीतून शिकतो. शिकण्याची भाषा कोणतीही असो, घरातल्या माणसाला आपल्या भाषेत सांगता येईपर्यंत विषय पक्का झाला असं समजू नये. एनएमडीए रिसेप्टर हे शब्द न वापरता "दारातला बोळा" असं सांगायला लागलं की कुठली पायरी आपल्याला स्वतःलाच स्पष्ट नाही ते लगेच कळतं. शिवाय ऐकणारा माणूस असा काहीतरी प्रश्न विचारतो, जो प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला कधी सुचत नाही.

काठीवर चालणारा रोगी वॉर्डात आला तर आपण त्याचे पाय परत देऊ शकणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. पण तो काय खात होता, किती दिवस, आणि घरात आणखी कोण तेच खातंय, हे आपण विचारू शकतो. त्याच्या मागे घरी असलेल्या धाकट्या भावाचे पाय अजून धड असतील. ते वाचवणं मात्र आपल्या हातात आहे.